गुण लिहायला बसवलेला मुलगा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. तुमच्या वर्गात ४६ मुलं आहेत आणि शारीरिक शिक्षणासाठी आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास मिळतात. एक मुलगा व्हीलचेअर वापरतो, एका मुलीला दमा आहे, एकीला टाइप १ मधुमेह. सात-आठ मुली दर आठवड्याला ‘बरं नाही’ची चिठ्ठी आणतात. चार-पाच जाड मुलं पळताना मागे पडतात. मुख्याध्यापकांनी ‘तास सर्वसमावेशक करा’ एवढं सांगितलंय, कसा ते सांगितलेलं नाही. तसं काही करायला गेलं की चांगली खेळणारी मुलं ‘मॅडम, मग मजा येत नाही’ म्हणून कुरकुरतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: व्हीलचेअरवरच्या मुलाला काय काम देऊ? त्यालाच विचारलं तर वाईट वाटेल का?

‘काय काम देऊ’ इथे मी अडलो, कारण माझी सुरुवातीची कितीतरी वर्षं याच प्रश्नात गेली. माझ्या वर्गात एका पायात ताकद कमी असलेला मुलगा होता. मी त्याला गुणलेखक केलं. वही दिली, पेन दिलं, सावलीत खुर्ची दिली. दोन वर्षं तो तिथे बसला आणि दोन वर्षं मी स्वतःवर खूश होतो. शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी भेटला. गप्पांत हसत हसत म्हणाला, ‘सर, मला गुण लिहायला आवडतं असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

कुणीच नाही.

तेव्हा मी एक साधी गोष्ट करून पाहिली, आणि तीच तुम्हालाही सगळ्यात आधी करायला सांगेन. फुटबॉलचा नेहमीचा डाव लावला, दोन्हीकडे अकरा-अकरा, पंधरा मिनिटं. शिट्टी एका मुलाकडे दिली. मी पाच मुलं मनाशी निवडली आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो एवढंच कागदावर उभ्या रेघा ओढून मोजलं. सगळ्यात चपळ पोराच्या नावापुढे एकतीस रेघा. त्याच्या जोडीदाराच्या अठरा. उरलेल्या तिघांच्या चार, दोन आणि शून्य. शून्यवाल्या मुलाला कुठला आजार नव्हता, त्यानं कधी चिठ्ठी आणली नव्हती, गणवेश स्वच्छ, हजेरी पूर्ण. चेंडू जिकडे जाईल त्याच्या बरोबर उलट्या बाजूला तो चालत राहायचा, तेही इतक्या सराईतपणे की इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमची अडचण त्या एका मुलाची, किंवा यादीतल्या पंधरा जणांची नाही. आपला तास मुळात आठ-दहा चांगल्या खेळाडूंच्या मापानं बेतलेला असतो आणि बाकीच्यांना आपण त्यात ‘सामावून घ्यायला’ बघतो. एकाच मापाचा शर्ट सगळ्यांना घालायचा आणि मग प्रत्येकाच्या बाह्या दुमडत बसायचं, तसा हा प्रकार. व्हीलचेअर डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याबद्दल प्रश्न पडतो. शून्यवाला दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी. अपंग मुलांसाठीही त्यांनी तेवढाच आकडा सांगितलाय. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं झाली. तुमच्याकडे आहेत ७०, आणि त्यातून हजेरी, रांग, साहित्य काढणं-ठेवणं वजा करा. हे गणित तासातून सुटण्यासारखं नाहीच. तास एकच करू शकतो: तासाबाहेरही हालचाल करावीशी वाटेल, निदान तिचा तिटकारा येणार नाही, असं काहीतरी मुलाच्या हाती देऊ शकतो. हे एकदा पटलं की बरेच निर्णय आपोआप सोपे होतात. ‘उशीर केलास, मैदानाला तीन फेऱ्या मार’ ही शिक्षा का नको ते वेगळं समजवावं लागत नाही. पळणं ही शिक्षा आहे असं शिकवणाराही मीच आणि पळायची आवड लागावी म्हणणाराही मीच, हे कसं जमायचं?

आता करायचं काय. आधी काढून टाकायच्या गोष्टी, कारण त्यांना साहित्यही लागत नाही आणि परवानगीही.

कप्तानांनी एकेक गडी निवडायचा प्रकार बंद करा. शेवटी उरलेल्या दोघांचे चेहरे एकदा नीट पाहा, मग मला वेगळं काही सांगावं लागणार नाही. संघ तुम्ही घरून पाडून आणा. बाद झालेला बाहेर बसतो असे खेळही जमतील तितके कमी करा. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तोच. बाद झालेल्यानं दुसऱ्या चौकोनात जाऊन खेळायचं, किंवा दहा टप्पे मारून परत यायचं, एवढा बदल पुरतो. आणि एका चेंडूमागे बावीस मुलं लावू नका. मैदान फक्कीनं सहा चौकोनांत आखा, प्रत्येक चौकोनात चार विरुद्ध चार. नुसत्या या बदलानं माझ्या त्या शून्यवाल्याच्या नावापुढे पुढच्या आठवड्यात नऊ रेघा आल्या. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. त्याला लपायला जागा उरली नव्हती, आणि चूक झाली तर बघणारेही सातच होते.

जागा फारच लहान असेल, किंवा चेंडू दोनच असतील, तर हे असंच्या असं जमणार नाही, मान्य आहे. तेव्हा अर्ध्या वर्गाला खेळ आणि अर्ध्याला ठिकाणं लावून कसरती, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल. रांगेत उभं राहण्याचा वेळ कमी होतो ना, एवढंच बघायचं.

त्यानंतर खेळाची बांधणी. आमच्या क्षेत्रात चार गोष्टी तपासायची जुनी पद्धत आहे: जागा, काम, साहित्य आणि माणसं. एखादं मूल खेळात येत नसेल तर या चारांपैकी काय हलवता येईल ते बघायचं, मूल हलवायचं नाही. व्हीलचेअरचंच उदाहरण घ्या. मऊ मातीत पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून त्या दिवशीचा खेळ कडक जमिनीवर घ्या. ही झाली जागा. चेंडू दोन टप्प्यांनंतर मारायची मुभा द्या. हे झालं काम. थोडी हवा काढलेला, हळू घरंगळणारा चेंडू घ्या, हे साहित्य. जोडीदार बदलून बघा, ही माणसं. सगळे बदल एकदम करू नका. एकच करा, दहा मिनिटं बघा, मग दुसरा.

नियम बदलला की खेळ ‘खोटा’ होतो असं पोरांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शिक्षकांनाही वाटतं. त्यांना सांगा, व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात. तेवढा एक नियम सोडला तर बाकी टेनिस जवळजवळ तेच आहे, आणि त्याला कुणी हलकं समजत नाही. गोलबॉल तर १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठीच तयार झाला. घुंगरू असलेला चेंडू, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं. माझ्या वर्गात डोळस मुलांना पट्टी बांधून तो खेळवला तेव्हा सगळ्यात चपळ पोरगा चेंडूचा आवाज उजवीकडून येत असताना डावीकडे झेपावला. कमी दिसणारी एक मुलगी त्याच खेळात तीनदा गोल अडवून गेली. त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही.

दोरीचा प्रयोग मात्र नक्की करा, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. उंच उडीची दोरी आपण आडवी, सरळ धरतो. पहिल्यांदा सगळे उडी मारतात, मग उंची वाढत जाते आणि एकेक जण बाहेर. शेवटी दोघं उडतात आणि चव्वेचाळीस जण बघत बसतात. अध्यापन-शैलींवर काम करणाऱ्या मुस्का मॉस्टन यांनी या दोरीचं एक टोक खाली आणलं. तिरकी दोरी. एका टोकाला गुडघ्याएवढी उंची, दुसऱ्या टोकाला छातीएवढी. कुठून उडी मारायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा मला भीती होती की सगळे आळशी पोरगे खालच्या टोकाला गर्दी करतील. दोन-तीन उड्या तशाच गेल्या. मग एक मुलगी अर्धा हात सरकली, मैत्रिणीकडे बघून आणखी अर्धा हात. दहा मिनिटांत बहुतेक सगळे आपल्याला जेमतेम जमेल अशा जागी येऊन थांबले होते. मी एकालाही ‘वर जा’ म्हटलं नव्हतं. उड्या मोजल्या तर सरळ दोरीच्या तासापेक्षा कितीतरी जास्त.

विद्यार्थीकेंद्री तास म्हणजे माझ्या मते ही तिरकी दोरी. ‘आज तुम्हाला काय खेळायचंय?’ असं विचारून शिक्षकानं बाजूला उभं राहणं म्हणजे विद्यार्थीकेंद्री तास नव्हे. तसं विचारलंत तर ओरडणारी पाच मुलं ठरवतील आणि पुन्हा अकरा विरुद्ध अकराच होईल. चौकट तुम्ही आखा आणि आतली निवड मुलांना द्या. तीन ठिकाणं लावा, त्यातली दोन निवडा म्हणा. चेंडू तीन आकारांचे ठेवा, हवा तो घ्या म्हणा.

नियम ठरवण्यातही त्यांना घ्या, पण घाई करू नका. मी एकदा डाव थांबवून विचारलं, ‘हा खेळ सगळ्यांसाठी चांगला करायचा तर एक नियम कोणता बदलाल?’ लगेच उत्तर आलं: ‘सगळ्यांचा हात लागल्याशिवाय गोल धरायचा नाही.’ ऐकायला छान. प्रत्यक्षात काय झालं, तर सगळा संघ येऊन एका मुलीभोवती उभा राहिला, ‘घे, घे, आता टाक’, आणि तिनं टाकला की पुढे धावला. तिची मान खाली. पुढच्या तासाला मीच तो मोडीत काढणार होतो, पण त्याआधी तिच्याच संघातल्या एकानं हात वर केला, ‘सर, त्यापेक्षा संघ लहान करू.’ ‘मुलींचा गोल दोन गुणांचा’ हा नियमही याच जातीचा. वरून सवलत, आतून अपमान. ज्या नियमामुळे सगळ्यांचे डोळे एका मुलाकडे वळतात, तो नियम बहुतेक वेळा वाईट असतो.

चांगल्या खेळाडूंच्या कुरकुरीत तथ्य असतं. मिश्र गटात त्यांचा वेग कमी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक तास प्रत्येक मिनिट मिश्र ठेवायची गरज नाही. काही वेळ सगळे एकत्र, तोच खेळ. काही वेळ बदललेल्या नियमांनी. काही वेळ शेजारी-शेजारी, पण आपापल्या पातळीच्या गटांत. आणि कधीतरी पूर्ण वेगळा सराव, जर त्या मुलालाच तो हवा असेल तर. माझ्याकडे कौशल्याचा सराव साधारण समान पातळीच्या जोड्यांत चालतो आणि खेळ मिश्र गटांत. चपळ पोरांना त्यांच्या दहा मिनिटांत पुरेपूर घाम काढू द्या, मग उरलेला वेळ ती कुरकुरत नाहीत. त्यांना ‘छोटे शिक्षक’ करून सतत दुसऱ्यांना शिकवायला लावू नका, तोही त्यांच्यावर अन्यायच.

आजारांबद्दल आता. इथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण डॉक्टरांना प्रश्न नीट विचारायला हवा. ‘हिला खेळू द्यायचं का?’ विचारलं तर ‘नको’ लिहिणं त्यांना सोपं जातं. ‘ही काय काय करू शकते, कुठे थांबवायचं आणि थांबवल्यावर मी काय करायचं?’ असं लिहून विचारा. दम्याच्या मुलीला सावकाश वाढत जाणारा वॉर्मअप लागतो, आणि एकसलग लांब पळण्यापेक्षा थांबत-थांबत होणारे खेळ तिला सहसा जास्त मानवतात. फक्की उडत असताना तिला तिथे उभी करू नका. तिचा इन्हेलर मैदानावर हवा. तो कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद असेल तर नसल्यासारखाच. मधुमेहाच्या मुलीनं खेळण्याआधी साखर तपासावी, आणि लगेच शोषली जाणारी साखर तुमच्या खिशात असावी. तिला थरथर, घाम, गोंधळ जाणवला तर ‘जा, आजारी खोलीत जाऊन पड’ म्हणून एकटीला पाठवू नका. साखर तिथेच द्या आणि सोबत कुणीतरी राहा. पुढेमागे वर्गात डाउन सिंड्रोमचं मूल आलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा: काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत कोलांटी आणि शीर्षासन नको. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी शिट्टीसोबत हात किंवा झेंडा वर करा आणि बोलताना सूर्य तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर त्याला तुमचे ओठ काळे दिसतात.

चिठ्ठीवाल्या मुली. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला हाच तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा भाग वाटतो. सात-आठ जणी दर आठवड्याला आजारी नसतात. काहींची पाळी असेल, पोटात दुखत असेल, कपड्यांची धास्ती असेल. काहींना मुलांसमोर पळायचं नसेल. काहींना गणवेशच अंगावर नकोसा असेल. मी मुलींसाठी चिठ्ठीची अट काढून टाकली आणि एक चौकट ठेवली: कारण सांगू नका, पण आज पूर्ण, अर्धं की हलकं, ते हजेरीच्या वेळी बोटांनी दाखवा. तीन बोटं, दोन, एक. एक बोट म्हणजे चालणं आणि ताणाचे व्यायाम. ही सोय मुलांनाही ठेवली, म्हणून कुणी कुठल्या कारणानं एक बोट दाखवलं ते इतरांना कळलं नाही. पहिले दोन आठवडे एका बोटाचं पीक आलं, मग ओसरलं. गणवेशाचंही बघा. सैल विजार, लांब बाह्या, गडद रंग चालत असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. कधीकधी सगळं अडलेलं असतं ते पांढऱ्या रंगापाशी.

आरोग्याच्या तासाला हेच तत्त्व लावा. वर्गासमोर वजन घेऊन आकडा मोठ्यानं वाचणं ताबडतोब थांबवा. मोजायचंच असेल तर आडोशाला, एकेकाचं, आकडा फक्त त्या मुलाला. आणि मोजून पुढे काही करणार नसाल तर मोजूच नका. तंदुरुस्ती चाचणीचे निकाल भिंतीवर लावू नका. मुलाकडे त्याचं स्वतःचं कार्ड द्या, सप्टेंबरचा आकडा आणि जानेवारीचा आकडा शेजारी-शेजारी. शिकवायचं काय, ते ठरवायला एक बंद खोका ठेवा. प्रत्येकानं चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची, म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही. माझ्या पाठ्यक्रमात हाडांची नावं होती. खोक्यातून निघालं: ‘घामाचा वास कसा घालवायचा’, ‘रात्री झोप येत नाही’, ‘एक खांदा वर आहे, हे आजार आहे का’. हाडांची नावं मी त्या तिसऱ्या चिठ्ठीच्या निमित्तानं शिकवली आणि एकदाच शिकवून लक्षात राहिली.

मुख्याध्यापकांना कागद लागला तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं ३०वं कलम दाखवा. शाळेतल्या खेळांतही अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मग साहित्याची यादी पुढे करा, कारण कलम वाचून चेंडू येत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला विचारू का. विचाराच. पण सगळ्यांसमोर नको, तास संपल्यावर साहित्य गोळा करताना, बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. ‘तुला काय जमत नाही?’ याची यादी त्यानं आयुष्यभर ऐकलेली असते. ‘तुला काय खेळायला आवडेल? आणि मी कुठे मदत करू नको?’ असं विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. न विचारता खुर्ची ढकलणारे हात त्याला रोज भेटतात. बहुधा तो म्हणेल, ‘काहीही चालेल.’ आजवर कुणी विचारलेलं नसतं, म्हणून उत्तर तयार नसतं. तेवढ्यावर सोडू नका. पुढच्या तासाला दोन वेगळे चेंडू घेऊन जा, दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवा आणि कुठला ठेवतो ते बघा. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा.